ऑक्टोबरचा भयगेम महिना: जुने गेम विंडोज ११ वर कोणत्या क्रमाने खेळावेत, आणि काय दुरुस्त करावं लागतं?

रातकिडा यांचा प्रश्न:

मंडळी, हॅलोविनच्या निमित्ताने ऑक्टोबरभर फक्त भयगेम खेळायची प्रथा जगभरच्या खेळाडूंमध्ये आहे. यंदा ती जुन्या गेमवर पाळायची आहे. भीती आणि मारधाड दोन्ही हवी, म्हणून यादी अशी काढली आहे: रेसिडेंट ईव्हिल (१९९६), ब्लड (१९९७), सायलेंट हिल २ (२००१), डूम ३ (२००४) आणि फिअर (२००५).

मशीन: बाराव्या पिढीचा आय५ असलेला लॅपटॉप, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ८ जीबी रॅम, विंडोज ११, १०८०पी स्क्रीन. एक्सबॉक्सचा कंट्रोलर आहे. रोज रात्री साधारण दीड तास मिळेल.

विचारायचं आहे ते असं:
१. महिन्यात पाचही पुरे होतील का, आणि क्रम काय ठेवावा?
२. फिअर सुरुवातीला झकास पळतो आणि मग फ्रेमरेट घसरत जातो असं सगळीकडे वाचलं. कारण काय, उपाय काय?
३. डूम ३ मूळ घ्यावा की २०१२ची, बदल करून पुन्हा काढलेली बीएफजी आवृत्ती?
४. रेसिडेंट ईव्हिलचे टँक कंट्रोल (रणगाड्यासारखं जागेवर वळून मग पुढे चालणं) बदलून घ्यावेत का?

---

जुनाट_जॉयस्टिक:

आधी हिशोब. रोज दीड तास म्हणजे महिन्याला ४६ तास. पहिल्यांदा खेळणाऱ्याला रेसिडेंट ईव्हिलला ८ ते १०, फिअरला तितकेच, डूम ३ला १० ते १२ आणि सायलेंट हिल २ला ८ तास धरा. ब्लड पूर्ण पॅकसह सहा एपिसोडचा आहे, तो महिन्यात बसणार नाही. त्याचे पहिले दोन एपिसोड घ्या. मग पाचही बसतात, चार-पाच तास अडल्या जागी डोकं फोडायला हाताशी राहतात.

क्रम लावताना सलग दोन हळू गेम ठेवू नका. रेसिडेंट ईव्हिल आणि सायलेंट हिल दोन्हीकडे कुलपं, नकाशे, मोजून मापून गोळ्या. पाठोपाठ खेळलात तर दुसऱ्यात कंटाळा येतो आणि दोष उगाच गेमला लागतो. माझा क्रम: रेसिडेंट ईव्हिल, ब्लड, डूम ३, सायलेंट हिल २, शेवटी फिअर. ब्लड आणि फिअर दोन्ही मोनोलिथ या एकाच कंपनीचे, मध्ये आठ वर्षांचं अंतर. एकाच महिन्यात खेळल्यावर त्या आठ वर्षांत शत्रूची अक्कल किती वाढली ते लख्ख दिसतं.

दिवाळी ऑक्टोबरात येत असेल तर त्या आठवड्यात सायलेंट हिल अजिबात ठेवू नका. त्या गेमची अर्धी भीती रेडिओच्या खरखरीत आणि लांबून येणाऱ्या आवाजांत आहे, आणि खिडकीबाहेर लडी फुटत असताना ती कानापर्यंत पोचत नाही. तिथे ब्लड किंवा फिअर सरकवा.

एक तत्त्व सुरुवातीपासून पाळा: काळाने जे मोडलंय तेवढंच दुरुस्त करायचं, बनवणाऱ्याने मुद्दाम अवघड ठेवलंय त्याला हात लावायचा नाही. आवाज अडकणं, चित्र ताणलं जाणं, खेळाचा वेग बिघडणं ही मोडतोड झाली. मोजक्या गोळ्या, मोजके सेव्ह, अरुंद दिवा ही रचना आहे. ती काढलीत तर भयगेममधला गेम उरतो, भय जातं.

तयारी ३० सप्टेंबरच्या आत उरका. पाचही गेम उतरवून प्रत्येकाची पहिली दहा मिनिटं खेळून पाहा. ऑक्टोबरअखेरच्या सेलची वाट बघाल तर महिना तिथेच संपेल. प्रत्येकासाठी:

- गेम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये टाकू नका. सी ड्राइव्हवर 'जुने गेम' असं साधं फोल्डर करा. जुने गेम सेव्ह आणि सेटिंग आपल्याच फोल्डरात लिहितात. प्रोग्राम फाइल्समध्ये विंडोज त्यांना लिहू देत नाही किंवा गुपचूप दुसरीकडे वळवतं, आणि मग आपण बदललेली सेटिंग लागूच होत नाहीत.
- 'विंडोज फीचर्स'मध्ये 'लेगसी कंपोनंट्स'खाली डायरेक्टप्ले आहे, ते चालू करा. जून २०१०चं डायरेक्टएक्स रनटाइमही टाका. ते नव्या डायरेक्टएक्सच्या वाटेत येत नाही, फक्त जुन्या डीएलएल फाइली भरतं.
- घरातल्या जुन्या सीडीवर सेफडिस्क हे नक्कलविरोधी संरक्षण असेल तर तिच्यासाठी वेळ घालवू नका. त्या संरक्षणाला लागणारा ड्रायव्हर विंडोज १० पासून काढून टाकला आहे. सीडी कितीही स्वच्छ असो, गेम उघडत नाही. जीओजी किंवा स्टीम या ऑनलाइन दुकानांतली प्रत घ्या.

---

कंदील_घ्या:

फिअर आणि डूम ३चं मी सांगतो.

फिअर. घसरणाऱ्या फ्रेमरेटचा ग्राफिक्सशी काही संबंध नाही. गेम माउस-कीबोर्ड वाचायला डायरेक्टइनपुट वापरतो, आणि विंडोजला दिसणाऱ्या प्रत्येक एचआयडी उपकरणाची (माउस, कीबोर्डसारख्या हाताने चालवायच्या साधनाची) दखल घ्यायला जातो. आजच्या मशीनवर एक माउससुद्धा तीन-चार उपकरणं म्हणून नोंदलेला असतो. वर टचपॅड, हेडफोनची बटणं, कंट्रोलर. खेळत राहाल तसा हा बोजा वाढतो आणि ६० चे २० होतात. म्हणून ग्राफिक्स कितीही खाली आणलं तरी फरक पडत नाही, आणि महागड्या कार्डवालेही हीच तक्रार करतात.

उपाय एकोपॅच, म्हणजे चाहत्यांनी केलेली दुरुस्ती. त्यातली 'डीइनपुट८' नावाची डीएलएल आणि सोबतची आयएनआय फाइल, गेमची एक्सई जिथे आहे त्याच फोल्डरात ठेवायची. एक्सपान्शन (नंतर आलेले जोडभाग) खेळणार असाल तर त्यांची फोल्डरं वेगळी आहेत, तिथेही ठेवायची. हे विसरल्यामुळेच 'मूळ गेम सुरळीत, एक्सट्रॅक्शन पॉइंट मात्र अडखळतो' अशा तक्रारी येतात. रुंद स्क्रीन आणि जास्त फ्रेमरेटला बिघडणारं फिजिक्स हेही हाच पॅच सांभाळतो. तरी ६० ची मर्यादा लावाच. तुमच्या लॅपटॉपचं तापमानही आटोक्यात राहील.

सेटिंगमध्ये 'सॉफ्ट शॅडोज' बंद. अंतर्गत ग्राफिक्सला ते झेपत नाही, शिवाय अँटीएलियासिंगबरोबर ते चालतच नाही, दोघांतलं एकच मिळतं. बाकी बहुतेक वर ठेवता येईल.

खेळताना: औषधपेट्या दहापर्यंत साठतात, दहा झाल्यावर सापडलेली पेटी तिथेच पडून राहते. म्हणून जखमी असाल आणि समोर पेटी असेल तर आधी खिशातली वापरा, मग ती उचला. बंदुका तीनच नेता येतात. त्यातली शॉटगन सोडू नका. आणि स्लो मोशन संपेपर्यंत दाबून ठेवायचं नसतं. कोपऱ्यातून बाहेर पडतानाचा एक सेकंद, दोन गोळ्या, परत आत. शत्रू बाजूने वळसा घालून येतात, टेबलं पाडून आडोसा करतात, एकमेकांना ओरडून सांगतात. ते ऐका, कारण ते बोलतात तसंच बहुतेक वेळा करतात.

डूम ३. मूळच घ्या. २००४च्या गेममध्ये हातात टॉर्च तरी असते किंवा बंदूक तरी. आधी उजेड टाकून पाहायचं, जागा लक्षात ठेवायची, मग अंधारात गोळी झाडायची, यावरच सगळ्या खोल्या आणि सावल्या रचल्या आहेत. बीएफजी आवृत्तीत टॉर्च चिलखताला जोडली, उजेड वाढवला, गोळ्याही वाढवल्या. त्यामुळे तेच कोपरे निर्जीव वाटतात.

मूळ गेम थेट न चालवता धेवम३ या सोर्स पोर्टमधून (गेमच्या मूळ कोडवरून आजच्या मशीनसाठी बांधलेल्या प्रोग्राममधून) चालवा:
१. मूळ डूम ३ उतरवा. आवृत्ती १.३.१ हवी.
२. त्याच्या 'बेस' फोल्डरातल्या पॅक०००पासून पॅक००८पर्यंतच्या नऊ पीके४ फाइली धेवम३च्या 'बेस'मध्ये नकलून घ्या. एखादी राहिली तर गेम उघडतो, पण काही ठिकाणी काळ्या भिंती किंवा गायब मजकूर दिसतो. मग लोक ड्रायव्हरला दोष देत बसतात.
३. गेम चालू करून एफ१० दाबा. नव्या आवृत्त्यांत सेटिंगचा मेनू उघडतो. रिझोल्यूशन तिथेच द्या. मेनू आणि पीडीएचा (गेममधल्या हातात मावणाऱ्या संगणकाचा) पडदा ४:३ या जुन्या स्क्रीनच्या मापातच राहू द्या, ताणलात तर अक्षरं फुगतात.

बीएफजीच्या फाइली धेवम३ला चालत नाहीत, त्यांची बांधणी वेगळी आहे. आणि जुन्या मॉडमध्ये (चाहत्यांनी केलेल्या बदलात) स्वतःची गेम डीएलएल असेल तर ते मॉडही चालणार नाही, धेवम३साठी पुन्हा बांधलेलं शोधावं लागेल.

गेमचं घड्याळ सेकंदाला ६० ठोक्यांवर चालतं. १४४ हर्ट्झची स्क्रीन असूनही ६० च दिसले तर तो बिघाड नाही.

पीडीएमधले ईमेल आणि आवाजी नोंदी सोडू नका. कपाटांच्या कुलपांचे आकडे त्यांतच असतात, आणि कपाटांत गोळ्या. नोंद ऐकत ऐकत चालता येतं, पण नवी जागा असेल तर थांबून ऐका. मागे दार उघडल्याचा आवाज त्या बोलण्यात बुडतो.

---

पानशेत_पिक्सेल:

टँक कंट्रोल बदलू नका. ते तसे का केले ते कळलं की सवय लवकर लागते. १९९६च्या गेममध्ये कॅमेरा प्रत्येक जागी ठरलेला आहे आणि चालता चालता एकदम दुसऱ्या कोनावर उडी मारतो. 'वर' म्हणजे स्क्रीनची वरची बाजू असती, तर प्रत्येक उडीला पात्र उलटं वळलं असतं. टँक पद्धतीत 'वर' म्हणजे पात्राचं तोंड जिकडे आहे तिकडे. कॅमेरा कुठेही गेला तरी धावणारा माणूस धावत राहतो. कंट्रोलरवर डी-पॅड वापरा, काठी नको. काठी किंचित तिरकी झाली की माणूस भिंतीला घासत राहतो.

या पहिल्या भागात झटकन मागे वळायचं बटण नाही, ते तिसऱ्या भागात आलं. म्हणून झोंबीच्या अंगावर जाऊन मग पळायचं ठरवू नका. लांबूनच ठरवा: मारायचं, की बाजूने काढायचं. अरुंद बोळ सारखा सारखा लागणार असेल तर मारा, एकदाच लागणार असेल तर सोडा. मेला की नाही हे बघायची खूण सोपी आहे: अंगाखाली रक्ताचं थारोळं पसरलं तर संपला. पसरलं नसेल तर पाय धरणार. शॉटगन असेल तर जवळ येऊ द्या, नेम वर करा आणि मग झाडा. एका काडतुसात डोकं जातं.

जिल आणि ख्रिस अशा दोन पात्रांतून निवड असते. पहिल्यांदा खेळताना जिल घ्या. तिच्याकडे सामानाच्या आठ जागा, ख्रिसकडे सहा. तिच्याकडे कुलूप उघडायचा आकडा आहे, ख्रिसला छोट्या किल्ल्या सांभाळाव्या लागतात आणि त्या सहातलीच एक जागा खातात. हिरवी वनस्पती एकटी खाऊ नका. हिरवी-लाल मिळून पूर्ण तब्येत भरते, तीन हिरव्या मिळूनही भरते. निळी विषासाठी राखून ठेवा. शाईची रिबन म्हणजे टाइपरायटरवरचा एक सेव्ह, तीही मोजकीच. एक अंदाज: नवी किल्ली किंवा नवं हत्यार मिळालं, किंवा अर्धा तास उलटला, की सेव्ह करा. टाइपरायटर दिसला म्हणून करू नका.

जीओजीवर २०२४मध्ये आलेली प्रत घ्या. जुनी पीसी आवृत्तीच आहे, पण विंडोज ११ वर धडपड न करता उघडते. चित्र ४:३ मध्येच ठेवा. मागची दृश्यं आधीच रंगवलेली चित्रं आहेत, ताणली की खोल्या बसक्या दिसतात. २००२च्या रिमेकची एचडी आवृत्ती हा वेगळा गेम आहे. तिथे मेलेल्या झोंबीला रॉकेल ओतून जाळलं नाही तर तो नंतर लाल डोक्याने, दुप्पट वेगाने उठतो. उत्तम आहे, पण पुढच्या वर्षी घ्या. लागोपाठ खेळलात तर दोन वाड्यांचे नकाशे डोक्यात मिसळतील.

सायलेंट हिल २. यादीतला हा सगळ्यात कटकटीचा आणि सगळ्यात मोलाचा. मूळ पीसी आवृत्ती डिजिटल दुकानांत मिळत नाही, डिस्कच लागते. स्टीमवर दिसतो तो २०२४चा रिमेक. डिस्कवरून उतरवलेल्या गेमवर एन्हान्स्ड एडिशन हा चाहत्यांनी केलेला प्रकल्प चढवायचा. त्याचं सेटअप साधन लागणाऱ्या फाइली स्वतः उतरवून योग्य जागी टाकतं. त्याशिवाय खेळूच नका. मूळ पीसी रूपांतरात धुकं आणि सावल्या प्लेस्टेशन २ सारख्या नाहीत, आणि अनेक कोअरच्या प्रोसेसरवर आवाज एकाच तुकड्यावर अडकून गेम बंद पडतो. प्रकल्पाने हे दोन्ही सोडवलंय, वर रुंद स्क्रीन आणि कंट्रोलरची सोय.

सुरुवातीला दोन काठिण्यपातळ्या विचारतो, मारामारीची वेगळी आणि कोड्यांची वेगळी. मारामारी 'नॉर्मल', कोडीही 'नॉर्मल' ठेवा. कोड्यांची 'हार्ड' पातळी इंग्रजी कवितेच्या ओळींवर टेकलेली आहे, दीड तासाच्या बैठकीत ती पूर्ण रात्र खाईल. दिवा विझवून चाललात तर राक्षसांच्या नजरेत लवकर येत नाही, रस्त्यांवर हे फार कामी येतं. नकाशा उचलल्याशिवाय इमारतीत पुढे जाऊ नका. बंद दारं, उघडी दारं गेमचा नायक जेम्स स्वतः लाल खुणांनी त्यावर मांडत जातो, आणि कुठे जायचं राहिलं ते तिथेच कळतं. शेवट कुठला मिळणार हे तुम्ही कसे वागता त्यावर ठरतं. त्याचे नियम आधी वाचू नका, एवढी विनंती.

---

बत्ती_गुल:

टॉर्चवर माझं मत थोडं वेगळं. कंदील_घ्या म्हणतात ते गेमच्या पूर्वार्धाला शंभर टक्के लागू आहे. उत्तरार्धात मात्र एकाच खोलीत पुढून-मागून राक्षस सोडण्याची युक्ती इतक्या वेळा येते की टॉर्च-बंदूक अदलाबदल ही भीती न राहता बोटांची कसरत होते. मूळ रचनेनेच सुरू करा, पण सहा-सात तासांनंतर वैताग येत असेल तर मशिनगनला दिवा जोडणारं छोटं मॉड टाकून गेम पूर्ण करा. अर्धवट सोडण्यापेक्षा ते बरं.

ब्लडबद्दल कोणी काही लिहिलं नाही. तुमच्या मशीनवर सगळ्यात हलका हाच. 'वन युनिट होल ब्लड' हा पूर्ण पॅक घ्या आणि एनब्लड पोर्टमधून चालवा. फोल्डरात लागतात त्या फाइली: ब्लड, साउंड्स आणि जीयूआय या तीन आरएफएफ, सरफेस आणि व्हॉक्सेल या दोन डीएटी, ब्लड.आयएनआय, आणि टाइल्स०००पासून टाइल्स०१७पर्यंत अठरा एआरटी. क्रिप्टिक पॅसेज हा जोडभाग खेळायचा असेल तर क्रिप्टिक.आयएनआय, 'सीपी'ने सुरू होणाऱ्या मॅप फाइली आणि 'सीपीआर्ट'ने सुरू होणाऱ्या दोन फाइलीही घ्या. सीडीवरचं संगीत हवं असेल तर ओजीजी फाइलींना 'ब्लड०२' अशा क्रमाने नावं द्या आणि आवाजाच्या मेनूत रेडबुक चालू करा. ते नाही केलं तर मिडी वाजतं, संगीत चुकीचं आहे असं वाटू नये.

पातळी 'पिंक ऑन द इनसाइड' म्हणजे खालून दुसरी घ्या. आजकालच्या 'मध्यम'च्या अंदाजाने मधली घ्याल तर पहिल्याच नकाशात झगेवाले (बंदूकधारी पंथीय शत्रू) लोळवतील. त्यांच्या गोळ्या चुकवता येत नाहीत, दिसलात की लागली. म्हणून दार उघडून आत शिरायचं नाही. कोपऱ्याआडून डायनामाइट टाकायचं. बटण जितकं दाबून ठेवाल तितकं लांब जातं, फार वेळ धरलंत तर हातातच फुटतं. फ्लेअर गनची गोळी लागली की शत्रू लगेच पडत नाही, क्षणभराने पेट घेतो. दुसरी वाया घालवू नका. आणि कुऱ्हाडवाला झोंबी पडला म्हणजे मेला असं नाही, पाठ फिरवण्याआधी खात्री करा.

---

रातकिडा:

सगळ्यांचे मनापासून आभार, अशी उत्तरं शोधूनही मिळत नाहीत. दोन शंका राहिल्या. कंट्रोलरचे दोन्ही ट्रिगर जुन्या गेमना एकच बटण का वाटतात? आणि अंधार किती असावा, काही दिसलंच नाही तर ब्राइटनेस वाढवणं ही फसवणूक धरायची का?

---

जुनाट_जॉयस्टिक:

ट्रिगर: जुने गेम डायरेक्टइनपुट वाचतात, आणि त्या पद्धतीत एक्सबॉक्स कंट्रोलरचे दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर येतात. डावा दाबला की आकडा एकीकडे, उजवा दाबला की दुसरीकडे, दोन्ही दाबले की मधोमध, म्हणजे काहीच दाबलं नाही असं. नेम धरून गोळी झाडायच्या गेममध्ये हे घातक आहे. त्यांच्या वरची दोन बटणं वापरा, किंवा गेम स्टीममध्ये 'नॉन-स्टीम गेम' म्हणून जोडून स्टीम इनपुटने ट्रिगरना कीबोर्डच्या कळा द्या. सायलेंट हिलच्या एन्हान्स्ड एडिशनला याची गरज नाही. फिअर, डूम आणि ब्लड तर माउस-कीबोर्डवरच खेळा.

ब्राइटनेस: फसवणूक मुळीच नाही, पण योग्य जागी वाढवा. आधी विंडोजची 'नाइट लाइट' आणि एचडीआर बंद करा. जुने गेम उजेड वाढवायला विंडोजच्या गॅमा तक्त्यात हात घालतात, आणि नाइट लाइटही तिथेच हात घालते. मग गेममधली ब्राइटनेसची पट्टी कितीही सरकवा, फरक पडत नाही किंवा चित्र एकदम फिकट होतं. डूम ३मध्ये धेवम३ गॅमा शेडरमधून लावू शकतं, ते चालू ठेवलं की ही भानगडच मिटते.

मग खोलीतला दिवा घालवा आणि डोळ्यांना पाचेक मिनिटं द्या. सुरुवातीच्या एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे तोंड करून उभे राहा. भिंत आणि जमीन जिथे मिळतात ती रेघ जेमतेम दिसायला हवी, भिंतीवरचा पोत दिसायला नको. पोत दिसत असेल तर एक पायरी खाली या. लॅपटॉपचा पडदा किंचित मागे-पुढे कलला तरी काळा रंग बदलतो, तेव्हा खेळताना जसे बसणार तसेच बसून हे लावा. आणि बॅटरीवर गेल्यावर काही लॅपटॉप पडद्याचा उजेड आपोआप कमी करतात. पॉवरच्या सेटिंगमधून ते आधीच बंद करा, नाहीतर वीज गेली की तुमचं सगळं माप चुकेल.